टीव्हीत लांबट झालेली विहीर

टीव्हीवाल्या मेकॅनिकला घरातली माणसं समोरून दिसतात, ही गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात येते. तुम्ही सगळे टीव्हीकडे तोंड करून बसता. मी टीव्हीच्या मागे असतो, गुडघ्यावर, तोंडात स्क्रू ड्रायव्हर धरून. त्यामुळे अख्खं घर माझ्याकडे डोळे लावून बसल्यासारखं दिसतं. कोण कोणाशेजारी बसलं, कोण मुद्दाम लांब बसलं, कोणाला खुर्ची मिळाली आणि कोण दारातच उभं राहिलं, हे सगळं मला वायर लावता लावता कळायचं. देऊळगाव राजाला बस स्टँडच्या मागच्या बोळीत तीस वर्षं माझं दुकान होतं. तालुक्यातल्या अर्ध्या लोकांचे चेहरे मी असे चित्राची वाट पाहताना बघितले आहेत. तोंड उघडं असतं तेव्हा सगळे सारखेच दिसतात, एवढं सांगतो.

आधी डब्याचे टीव्ही होते तोवर धंदा सरळ होता. मग रुंद, चपटे टीव्ही आले आणि त्याच सुमाराला घराघरात कॉम्प्युटर येऊन धूळ खात पडले. पोरगी कॉलेजला म्हणून घेतला, पोरगी सासरी गेली, कॉम्प्युटर मागे राहिला. लोकांच्या डोक्यात आलं की हा टीव्हीला जोडला तर लग्नाचे फोटो सगळ्यांना मोठे दिसतील. झालं, गजूभाऊला बोलवा.

जोडायचं काम दोन मिनिटांचं. कॉम्प्युटरच्या पाठीवर पंधरा भोकांची एक निळी जागा असते, तशीच टीव्हीच्या पाठीवर. दोन्हीकडे वायर खोचायची, बाजूचे दोन स्क्रू हाताने आवळायचे, आवाजाची वायर वेगळी लावायची, रिमोटवर कॉम्प्युटरचं नाव निवडायचं. चित्र येतं. लोकांना वाटतं काम संपलं. माझं काम तिथून सुरू व्हायचं, कारण खरी गोम रिझोल्यूशनमध्ये असते.

हे रिझोल्यूशन म्हणजे काय ते मी बायामाणसांना रांगोळीवरून समजावायचो. अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालता ना, तसं पडद्यावरचं चित्रही ठिपक्यांचंच असतं. एका रांगेत ठिपके किती आणि अशा रांगा किती, हा झाला त्याचा आकडा. जुन्या चौकोनी मॉनिटरला एका रांगेत हजार चोवीस ठिपके आणि रांगा सातशे अडुसष्ट. नव्या रुंद टीव्हीला रांगा तेवढ्याच, पण रांगेत ठिपके तेराशे सहासष्ट. आता जुन्या कॉम्प्युटरला हा नवा आकडा माहीतच नसायचा. मग दोन रस्ते उरत. चित्र आहे तसं मधोमध ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना काळी पट्टी सोडायची, नाहीतर रिमोटवरचं बटण दाबून ते आडवं ताणायचं आणि पडदा भरून टाकायचा.

सुरुवातीला माझी घमेंड अशी की जेवढा मोठा आकडा तेवढा कारागीर मोठा. आमच्या गावात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांच्या मुलाने पुण्याहून चांगला नवा कॉम्प्युटर पाठवला होता, त्याला सगळे आकडे येत होते. मी छाती पुढे काढून त्यातला सगळ्यात मोठा लावला. ठिपके जास्त म्हणजे चित्र सुबक, पण अक्षरं तेवढीच बारीक होतात, हे मी विसरलो. गुरुजी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग चष्मा पुसून म्हणाले, "गजानन, फार सुंदर आहे. फक्त ही मुंग्यांची रांग कशी घालवायची तेवढं सांग." त्या मुंग्या म्हणजे अक्षरं होती. मी गुपचूप आकडा खाली आणत आणत आठशे गुणिले सहाशेवर आलो. तेव्हा गुरुजींनी वर्तमानपत्राचा मथळा मोठ्याने वाचून दाखवला. त्या दिवसापासून मी आधी गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचो, चष्मा लावायला सांगायचो आणि मग माउसला हात लावायचो.

दुसरबीडला एक किराणा दुकान होतं. तिथल्या वहिनींना मशीनची भीती नव्हती, आणि भीती नसलेलं गिऱ्हाईक मेकॅनिकला जड जातं. त्यांनी स्वतःच आकडा बदलला, तो टीव्हीला पेलला नाही आणि पडदा काळा झाला. मला फोन आला, "गजूभाऊ, टीव्ही गेला." मी म्हटलं, "वहिनी, गेला नाही. तुम्ही हात न लावता पंधरापर्यंत मोजा, तो आपोआप जुन्या आकड्यावर येते." कॉम्प्युटरमध्ये ही सोय असते. नवा आकडा पसंत आहे म्हणून तुम्ही सांगितलं नाही, तर तो पंधरा सेकंदांनी मुकाट्याने मागे येतो. वहिनींनी फोनवरच मोजायला सुरुवात केली. अकरावर आल्या आणि दुकानात कोणीतरी साखर मागायला आलं. साखर मोजून, पुडी बांधून त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "पह्यलेपासून मोजू का?" टीव्ही तोवर येऊन बसला होता. पण त्यांनी पुन्हा एकपासून पंधरा मोजले, मग फोनवर मला म्हणाल्या, "तुमच्या मंतरात ताकद हाये."

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते काळ्या पट्ट्यांनी. आमच्या भागातल्या माणसाला एक वेळ धूसर चित्र चालेल, काळी पट्टी चालायची नाही. "एवढा रुंद टीव्ही आणला, अन् दोन्ही अंगाले सुतक काऊन पाळून राह्यला हा?" असं एकाने तोंडावर विचारलं होतं. मी समजावायचो की बाबा, चित्र ताणलं की माणसं फुगतात. तर म्हणे, "फुगू द्या. खात्यापित्या घरचे दिसतीन." शेवटी मी समजावणं सोडून दिलं. वायर लावायची, बटण दाबायचं, पडदा भरायचा, चहा प्यायचा, निघायचं. नवरा-नवरी गोलमटोल दिसायची आणि घर खूश व्हायचं. चुकीचं आहे हे मला दर वेळी कळत होतं. तक्रार कोणी करत नव्हतं, म्हणून मीही कानाडोळा केला. हीच सवय मला नामदेवभाऊंच्या घरी भोवली.

दुसरबीडहून आत फाट्यावर त्यांचं गाव. नामदेवभाऊ वांगी, मिरची आणि कोथिंबीर लावायचे, माल जालन्याला जायचा. वय पंचावन्नच्या पुढे, बोलणं मोजकं. त्यांचा धाकटा भाऊ भास्कर, तो पन्नाशीचा, त्याचं घर समोरच्याच गल्लीत. भास्कर म्हणजे फटाक्याची वात. आई गयाबाई, तिला दोघंही माय म्हणायचे. ती पंधरा दिवस एकाकडे आणि पंधरा दिवस दुसऱ्याकडे राहायची. पाच वर्षांपूर्वी भावांची वाटणी झाली आणि तेव्हापासून भास्करने थोरल्याच्या घरात पाण्याचा घोटही घेतला नव्हता. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. वाटणीच्या दिवशी काहीतरी शब्दाला शब्द लागला आणि भास्कर रुसून दुसरबीडला मेहुण्याकडे जाऊन बसला. त्याच्या माघारी पंचांनी हद्दीचा दगड रोवला. मग दोघांमध्ये बोलणं उरलं ते फक्त विहिरीच्या पाण्याच्या पाळीचं.

जमीन काटकोनातली होती, ती आता नीट ध्यानात घ्या. कोपऱ्यात विहीर, ती सामाईक. कोपऱ्यापासून पूर्वेला रस्त्यापर्यंत आडवी गेलेली पट्टी नामदेवभाऊंची. कोपरा धरून दक्षिणेला नाल्यापर्यंत उभी गेलेली पट्टी भास्करची. रुंदी दोन्हींची एकच, लांबी सारखी वाटून दिलेली आणि मधे तो दगड.

नामदेवभाऊ मला घ्यायला स्वतः मोटारसायकलवर आले होते. रस्त्यात म्हणाले, "गजूभाऊ, विहिरीचा पाइप सडला. नवा टाकायचा हाये, दोघांच्या इचारानं. देऊळगावच्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं आकाशातून काढलेला शेताचा फोटो आमच्या जुन्या कॉम्प्युटरात घालून देला हाये. तो मोठा दिसला पाह्यजे."

मी म्हटलं, "कागदावर छापून घेतला असता त चाललं असतं."

त्यांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "कागद असता त त्यानं त्याच्या घरी मागवून घेतला असता. टीव्ही पाह्याले त्याले माह्या घरी या लागते."

त्यांनी पाच वर्षांत भावाला घरी आणायची हीच एक युक्ती काढली होती, आणि तिच्या मुळाशी माझी वायर होती. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आपल्या धंद्याने भाऊ-भाऊ जवळ येणार म्हटल्यावर कोणालाही बरं वाटेल.

दुपारची वेळ. माय खाटेवर, नामदेवभाऊंच्या पत्नी सुमनबाई स्वयंपाकघराच्या दारात, आणि भास्कर बाहेरच्या उंबऱ्यावर उभा. आत ये म्हणून कोणी म्हटलं नाही, म्हटलं असतं तर तो परत निघून गेला असता. मी टीव्हीच्या मागून सगळं पाहत होतो. वायर खोचली, चित्र आलं. चौकोनी, मधोमध, दोन्ही बाजूंना काळी पट्टी. नामदेवभाऊ हळूच माझ्या कानाशी आले.

"गजूभाऊ, तेवढं काळं घालवा. भाऊ पाच वर्षांनी घरी आला हाये, आज काळं नको."

मी बटण दाबलं. पडदा कडेपासून कडेपर्यंत भरला. मायने हात जोडले.

"पाह्य भास्कर, ही विहीर," नामदेवभाऊ काडीने दाखवू लागले. "इथून पाइप असा काढू. तुह्याकडं पह्यले वळवू, मंग माह्याकडं."

भास्कर उंबऱ्यातून आत आला. टीव्हीच्या अगदी जवळ गेला. सुमनबाईंनी मला डोळ्यांनी खूण केली, की बघा, आला. त्याने पडद्यावर हात ठेवला आणि वीत टाकली. एक वीत, दोन विती आणि वर अर्धी. ती नामदेवभाऊंची पट्टी होती. मग स्वतःच्या उभ्या पट्टीवर वीत टाकली. दोनही भरेना.

"दादा, हे काय हाये?"

नामदेवभाऊंना कळलं नाही. "काय रे?"

"तुही अडीच वीत, अन् माही दोनही नाही. सारखी वाटणी म्हणे. मी नव्हतो न त्या दिवशी. मी दुसरबीडले बसलो, अन् तू हिकडं दगड रोवून मोकळा झाला."

"तसं नाही रे, भास्कर."

"मंग कसं हाये? आकाशातून फोटो काढला हाये, आकाश खोटं बोलते का?"

आवाज चढत गेला. भास्करने पाच वर्षांचं सगळं बाहेर काढलं. पाळी, पाइप, मायच्या दवाखान्याला कोण गेलं, कोण नाही. मायच्या देखत त्याने थोरल्या भावाला चोर म्हटलं. सुमनबाई आत निघून गेल्या. आणि नामदेवभाऊ काही बोलेचनात. हातातली काडी मोडत खाली बघत बसले. मला तेव्हा वाटलं, हे गप्प आहेत म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात त्या माणसाबद्दल पाप आलं.

मी टीव्हीच्या मागून उठून पुढे आलो, चित्र नीट बघावं म्हणून. आणि मला विहीर दिसली. ती विहीर माझ्या पायाखालची. तिच्या मोटारीची वायर मीच जोडून दिली होती, तिच्या काठावर बसून भाकर खाल्ली होती. घडीव दगडाची, परातीसारखी गोल. पडद्यावर ती अंड्यासारखी लांबट झाली होती.

जमीन बदलली नव्हती, चित्र मी ताणलं होतं. आडवं जे जे होतं ते एक तृतीयांशाने वाढलं आणि उभं होतं तेवढंच राहिलं. म्हणून आडवी पट्टी लांब दिसत होती. खरं तर भास्करची पट्टीही रुंदीला तेवढीच वाढली होती, पण ती कोणी मोजली नाही. माणूस आपलं कमी पडलेलं तेवढं मोजतो.

"थांबा," मी म्हटलं. "चूक माझी आहे. ही विहीर पाहा, तुमची विहीर अशी लांबट आहे का?" बटण दाबून चित्र पूर्वीसारखं केलं. विहीर गोल झाली, दोन्ही अंगांना काळ्या पट्ट्या आल्या. "आता टाका वीत."

भास्करने वीत टाकली. दोन्ही जवळजवळ सारख्या भरल्या. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच तो माझ्याकडे वळला.

"अन् ह्या काळ्यात काय झाकलं?"

"काही नाही झाकलं. तिथं चित्रच नाही."

"मघाशी तिथपावतर शेत होतं. मी डोयानं पाह्यलं. आता काळं झालं. दादानं सांगितलं असन तुले, बटण दाब म्हणून. मी पाह्यलं न, तो तुह्या कानाले लागला होता."

तो कानाला लागला होता हे खरंच होतं. मी रांगोळी सांगितली, ठिपके सांगितले, हजार चोवीस आणि तेराशे सहासष्ट सांगितले. मी बोलत गेलो आणि भास्करला मी जास्त जास्त लबाड वाटत गेलो. तीस वर्षांत माझ्या कामाला लोकांनी नावं ठेवली, उशिरा येतो म्हणून शिव्या दिल्या. पण कोणाची बाजू घेऊन मी चित्र फिरवलं, असं कोणी म्हटलं नव्हतं.

खाटेवरून मायचा आवाज आला. तिला टीव्हीतलं शेत एरवीही नीट दिसत नव्हतं. "अरे, शेत जाग्यावर हाये की नाही? मंग डबड्यात काऊन मोजून राह्यले? दोर घ्या, अन् जा."

आता पाहा, इतका वेळ गप्प बसलेले नामदेवभाऊ झटकन उठले. "राहू दे माय. उन्हाचं कशाले जायचं? भास्कर म्हणते तसं असन. पाइप त्याच्या मनानं टाकू."

झालं. भास्करला आणखी काय पाहिजे? "पाह्यलं का? मोजाले भेते," म्हणून त्याने खुंटीवरचा दोर ओढला आणि माझ्या हातात एक टोक दिलं. "तू चाल. तुह्यापासून सुरू झालं, तूच धर."

करायला गेलो काय आणि झालं काय. टीव्ही जोडायला आलेला माणूस भर उन्हात दुसऱ्याच्या शेतात दोर ओढत होता. भास्कर पुढे, मी मागे, नामदेवभाऊ दहा पावलं लांब, डोक्यावर दुपट्टा घेऊन. दगडापासून रस्त्यापर्यंत नामदेवभाऊंची पट्टी मोजली. एकोणीस दोर. मग दगडापासून विहिरीला वळसा घालून नाल्यापर्यंत भास्करची. वीस दोर झाले आणि नाला अजून पुढे होता. एकविसावा दोर अर्धा टाकला तेव्हा भास्करचा पाय ओल्या मातीत गेला.

"चुकलं," तो म्हणाला. "उलटं मोजू."

उलटं मोजलं. नाल्याकडून वीस आणि अर्धा. रस्त्याकडून एकोणीस. तिसऱ्यांदा त्याने माझ्या हातातलं टोक काढून घेतलं, मी ढिलं सोडतो असा संशय आला असेल. टोकाला दगड बांधला आणि एकट्यानेच मोजलं. आकडा बदलला नाही. तो हद्दीच्या दगडापाशी उभा राहिला. मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"दादा, माही जास्त भरून राह्यली."

नामदेवभाऊ रस्त्याकडे पाहत होते. "हाव."

"तुले ठाऊक होतं?"

"दगड मीच सरकवला, मले ठाऊक नसन? पंच म्हणत होते, बरोबर मधात रोवा. मी म्हटलं, अंमळ पूर्वेले घ्या. माही पट्टी सडकेले लागली हाये, माल उचलला की गाडीत. तुले नाल्याकून पोती पाठीवर आणा लागतात. हिशेब सारखा कुठून होते?"

"मंग घरात काऊन बोलला नाही? मी तुले मायसमोर चोर म्हटलं."

"सांगितलं असतं त तू आजच्या आज दगड उपटून सारखा केला असता. तुहा स्वभाव मले ठाऊक नाही का?"

आणि भास्करने खरोखर तेच केलं. वाकला, दगडाला दोन्ही हात घातले आणि गदागदा हलवू लागला. नामदेवभाऊ धावत आले आणि त्याच्या हातांवर हात दाबून धरले. तासाभरापूर्वी कमी मिळालं म्हणून भांडणारा माणूस आता जास्त नको म्हणून भांडत होता. मी दोर गुंडाळत उभा होतो.

"सोड दादा. मले भीक नको."

"हात लावू नको दगडाले."

"लेकरासारखी वाटणी करून देली का मले? पन्नाशी झाली माही."

"झाली असन पन्नाशी," नामदेवभाऊ म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "माह्याहून मोठा झाला का बे तू?"

भास्करचे हात दगडावर तसेच राहिले, पण त्यातला जोर गेला. तो तिथेच बांधावर बसला आणि दुपट्ट्याने तोंड पुसू लागला. घाम होता की आणखी काही, मी पाहिलं नाही. ते पाहण्याची माझी लायकी नव्हती.

मी नामदेवभाऊंची माफी मागितली. त्यांनी पाच वर्षं जी गोष्ट पोटात ठेवली, ती माझ्या एका बटणामुळे चव्हाट्यावर आली. त्यासाठी त्यांना घरात बसून चोर म्हणून ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, कारण खरं सांगितलं असतं तर भावाला दिलेलं परत आलं असतं. आणि त्या तासात मीही त्यांना चोरच समजलो होतो. हे शेवटचं मी त्यांना सांगितलं नाही. आज इथे लिहितो आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काळं घालवा म्हणून मीच सांगितलं होतं, गजूभाऊ. तुमची काय चूक?" पण चूक माझीच होती. गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते त्याला माहीत असतं, बरोबर काय ते कारागिराला माहीत असतं, आणि मी माहीत असून गप्प बसायची सवय लावून घेतली होती. त्यानंतर दुकान बंद करेपर्यंत मी एकाही घरात चित्र ताणलं नाही. दोन गिऱ्हाइकं त्यापायी तुटली. तुटू दिली.

दगड हलला नाही. तिघं परत आलो. नामदेवभाऊंच्या दारात आलो तेव्हा भास्कर आपल्या गल्लीकडे वळेल म्हणून मी बाजूला झालो. तो वळला नाही. सरळ आत गेला, मोरीवर हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"वयनी, भाकर हाये का? सकायपासून पोटात काही नाही."

सुमनबाईंनी वर पाहिलं नाही. पिठाचा डबा ओढला आणि तवा ठेवला. मग दोन ताटं आणली आणि शेजारी शेजारी मांडली. वांग्याची भाजी, ठेचा, गरम भाकर. नामदेवभाऊ बसले. भास्करने आपलं ताट हाताने बाजूला सारलं आणि दादाच्या ताटातली भाकर मोडली.

"पाइपाचं काय ठरलं रे?" माय खाटेवरून विचारत होती. तिने दोनदा विचारलं. दोघांचीही तोंडं भरलेली होती.